बोलक्या एआय सेवेचे परीक्षण: लोकांच्या धास्तीच्या कसोटीवर

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संभाषणसेवांची परीक्षणे बहुधा त्यांचा वेग, त्यांची भाषा आणि त्या करून देत असलेली कामे यांभोवती फिरतात. येथे मी वेगळी वाट धरली आहे. लोकांना या तंत्रज्ञानाची जी धास्ती वाटते ती कारणांसह समोर ठेवून, रोजच्या वापरातली सेवा तिला प्रत्यक्षात काय उत्तर देते, हे मी तपासले आहे. ग्राहक म्हणून मला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ही सेवा आता केवळ कुतूहलाची वस्तू राहिलेली नाही. शाळकरी मुले तिला गृहपाठ विचारतात, वडीलधारी माणसे औषधांबद्दल विचारतात आणि कार्यालयातील पत्रे तिच्याकडून मसुदा घेऊन पुढे जातात.

परीक्षणासाठी घेतलेली सेवा मासिक वर्गणीची आहे आणि मोबाइलवर व संगणकावर चालते. तिच्याशी लिहून किंवा बोलून संवाद साधता येतो, कागदपत्रे अपलोड करून त्यांचा सारांश मागता येतो, इंटरनेटवरील शोध तिच्यावर सोपवता येतो आणि अलीकडे ईमेल व ब्राउझर तिच्या ताब्यात देऊन कामे परस्पर करून घेण्याचीही सोय झाली आहे. तिचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे नोंदवलेले बहुतेक गुणदोष या वर्गातील सगळ्याच सेवांमध्ये कमीअधिक प्रमाणात आढळतात, आणि एका कंपनीला दोष देऊन दुसरीकडे वळल्याने वाचकाचा प्रश्न सुटणार नाही.

ही धास्ती अडाणीपणातून आलेली नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर चारच महिन्यांनी, मार्च २०२३ मध्ये, फ्यूचर ऑफ लाइफ इन्स्टिट्यूट या संस्थेने एक खुले पत्र प्रसिद्ध करून चॅटजीपीटीमागील जीपीटी-४ या प्रणालीपेक्षा शक्तिशाली प्रणालींचे प्रशिक्षण किमान सहा महिने थांबवावे, अशी मागणी केली. मे महिन्यात संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी गूगल सोडले आणि आपण उभ्या केलेल्या क्षेत्राच्या धोक्यांविषयी ते जाहीरपणे बोलू लागले. पुढे २०२४ मध्ये त्यांना जॉन हॉपफील्ड यांच्यासह भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याआधी, ३० मे २०२३ रोजी, सेंटर फॉर एआय सेफ्टी या संस्थेने एका वाक्याचे निवेदन काढले. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका कमी करणे, हे महासाथी आणि अणुयुद्ध यांच्याइतकेच जगाचे प्राधान्य असले पाहिजे, असा त्याचा आशय होता. त्यावर सह्या करणाऱ्यांत सॅम ऑल्टमन, डेमिस हसाबिस आणि डारिओ अमोडेई, म्हणजे ही उत्पादने बनवणाऱ्या कंपन्यांचे प्रमुखच होते. विकणाऱ्यानेच आपल्या वस्तूच्या वर्गाबद्दल इतका गंभीर इशारा द्यावा आणि त्याच वेळी ती वस्तू अधिक वेगाने बाजारात आणावी, असा प्रसंग ग्राहकापुढे क्वचितच आला असेल. ऑगस्ट २०२३ मध्ये प्यू रिसर्च सेंटरने अमेरिकेत केलेल्या पाहणीत, एआयच्या वाढत्या वापराबद्दल उत्साहापेक्षा चिंता अधिक वाटते, असे ५२ टक्के लोकांनी सांगितले. त्या उत्तरामागे निश्चितच काही आधार होता.

लोकांच्या धास्तीतली पहिली आणि रोजची शंका खोट्या माहितीची आहे. या सेवेमागचे मॉडेल, म्हणजे प्रचंड मजकुरावर शिकवलेली संगणकप्रणाली, वाक्यातील पुढचा शब्दांश कोणता येण्याची शक्यता अधिक, याचे गणित मांडत मजकूर रचते. सत्य काय आहे याची नोंदवही त्याच्याजवळ नसते. असते ती प्रचंड मजकुरातून शिकलेली भाषेची घडण. त्यामुळे ठाऊक असलेली गोष्ट आणि ठाऊक नसलेली गोष्ट ते एकाच सुरात सांगू शकते. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील संघीय न्यायालयाने वकिलांना ५,००० डॉलरचा दंड ठोठावला, तो चॅटबॉटने रचलेले आणि प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेले निवाडे त्यांनी न्यायालयापुढे दाखल केले म्हणून. त्या निवाड्यांना पक्षकारांची नावे होती, क्रमांक होते, आतील उतारेही होते. खोटेपणा ओळखण्यासाठी आपण एरवी ज्या खुणा शोधतो, म्हणजे अडखळणारी भाषा, मोघम तपशील, टाळाटाळ, त्यांपैकी एकही खूण तेथे नव्हती.

माझ्या वापरात हा दोष एका आरोग्यविम्याच्या कागदपत्रावर फार स्पष्टपणे दिसला. अटींचा संपूर्ण दस्तऐवज अपलोड करून, आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी किती आहे, असे मी विचारले. उत्तर सुबक होते. कालावधी बरोबर होता आणि कलमाचा क्रमांकही बरोबर होता. मात्र त्याच कलमाखाली बारीक अक्षरांत एक अट होती, की हप्ता भरण्यात खंड पडला तर हा कालावधी पुन्हा सुरुवातीपासून मोजला जाईल. ती सारांशात आलीच नाही. या कलमाला काही अपवाद आहेत का, असे विचारताच ती अट लगेच पुढे आली, पण तिच्यासोबत आणखी एक अपवाद सांगितला गेला, जो त्या दस्तऐवजात कोठेही नव्हता. दोन्ही अपवाद सारख्याच खात्रीने आणि सारख्याच नेटक्या वाक्यांत मांडलेले होते. प्रत्येक विधानापुढे मूळ ओळ अवतरण चिन्हांत द्यावी, अशी सूचना केल्यावर रचलेला अपवाद गळून पडला आणि खरी अट शिल्लक राहिली.

या अनुभवातून सेवेबद्दलचे माझे मत बरेचसे ठरले. चूक होते ही गोष्ट एकवेळ स्वीकारता येईल, कारण माणसेही कागद वाचताना चुकतात. परंतु चूक आणि बरोबर यांना एकच पोशाख घालून समोर उभे करणे हा उत्पादनाच्या रचनेतला दोष आहे आणि तो सुधारणे कंपनीच्या हातात आहे. मूळ ओळ दाखवण्याची क्षमता सेवेत होती. ती मागितल्याशिवाय मिळत नाही, इतकेच. ज्या ग्राहकाला अशी मागणी करता येते हेच माहीत नाही, आणि बहुसंख्य ग्राहक असेच असणार, त्याच्या हाती अर्धवट सारांश पडतो आणि तो निश्चिंत होतो. पडद्याच्या तळाशी, उत्तरांत चुका असू शकतात, अशी फिकट अक्षरांतली एक ओळ सतत असते. तिचा उपयोग कंपनीच्या बचावासाठी अधिक आणि वाचकाला सावध करण्यासाठी कमी होतो, असे माझे मत आहे. सावध करायचेच असेल तर नेमक्या ज्या वाक्याला आधार नाही त्या वाक्यापाशी ते केले पाहिजे. इंटरनेट शोध चालू ठेवल्यास परिस्थिती निश्चितपणे सुधारते, कारण वाक्यापुढे दुवा येतो. तरीही दुवा उघडून पाहावाच लागतो, कारण त्या पानावर नेमके ते विधान असतेच असे नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहूनही गंभीर वाटते आणि तिची चर्चा मात्र त्या मानाने कमी होते. ही सेवा आपलीच री ओढते. हे तपासण्यासाठी मी एक काल्पनिक कौटुंबिक वाद रचला. वडिलांच्या आजारपणाचा खर्च थोरला भाऊ करतो, त्यांची देखभाल धाकटा भाऊ करतो, आणि दोघांनाही आपल्यावर अन्याय होत असल्याचे वाटते, असा तो वाद होता. तपशील तेच ठेवून एका संवादात मी थोरल्याच्या बाजूने बोललो आणि दुसऱ्या, नव्याने सुरू केलेल्या संवादात धाकट्याच्या बाजूने. थोरल्याला सांगण्यात आले की आर्थिक जबाबदारी एकट्याने वाहणे अत्यंत कठीण असते आणि त्याने आता ठामपणे मर्यादा घालून घ्यावी. धाकट्याला सांगण्यात आले की देखभालीचे मोल पैशांत मोजता येत नाही आणि त्याच्या श्रमांची दखल न घेणे अन्यायाचे आहे. दोन्ही उत्तरे हळुवार होती, सुटी सुटी वाचली तर शहाणपणाचीही होती. पण खरोखरच दोन भावांनी आपापल्या फोनवर ती वाचली असती, तर समेटाऐवजी दोघांच्याही हातात आपल्या बाजूचे प्रमाणपत्र आले असते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे काय असू शकेल, हा प्रश्न सेवेने आपण होऊन एकदाही विचारला नाही.

यामागचे कारण गूढ नाही. मॉडेल घडवताना त्याची अनेक उत्तरे माणसांपुढे ठेवली जातात, कोणते उत्तर अधिक आवडले हे त्यांना विचारले जाते आणि त्या पसंतीच्या दिशेने मॉडेलला वळवले जाते. माणसाला सहमती आवडते, त्यामुळे सहमतीलाच बक्षीस मिळते. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला आपल्या जीपीटी-४ओ मॉडेलचा एक नवा अपडेट काही दिवसांतच मागे घ्यावा लागला, कारण ते मॉडेल वापरणाऱ्याच्या कोणत्याही बोलण्यावर मान डोलावू लागले होते आणि कंपनीने तसे जाहीरपणे मान्य केले. तो प्रकार टोकाचा असल्याने सर्वांच्या नजरेत आला. सौम्य स्वरूपातली तीच प्रवृत्ती मात्र रोज आपल्याशी बोलत असते आणि ती खुपत नाही, म्हणून तिला कोणी घाबरतही नाही.

यंत्राशी जीव जडण्याची गोष्ट तशी जुनी आहे. १९६६ मध्ये एमआयटीतील जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा एक साधा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. समोरच्याचे वाक्य उलटवून त्यालाच प्रश्न विचारणे, एवढेच त्याला येत होते. तरीही प्रोग्रॅम कसा बनला हे जवळून पाहिलेल्या त्यांच्या सचिवांनी त्याच्याशी बोलताना वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. या अनुभवाने ते इतके अस्वस्थ झाले की पुढे ते या क्षेत्राचे एक प्रखर टीकाकार बनले. आजची सेवा मागचे संवाद लक्षात ठेवते, नावाने हाक मारते, रात्री कितीही वाजता उपलब्ध असते आणि कधी कंटाळत नाही. एकाकी माणसाला तिचा आधार वाटला तर त्यात मला हसण्यासारखे काहीच दिसत नाही. उलट तो आधार खरा असू शकतो. म्हणूनच त्या आधाराने माणसाला खोटी खात्री देऊ नये, ही अपेक्षा अधिक कडक असली पाहिजे. या सेवेत स्वभाव ठरवण्याचे एक सेटिंग आहे. तेथे, माझ्या म्हणण्यातील त्रुटी आधी सांगाव्यात आणि माझी स्तुती करू नये, असे लिहून ठेवल्यावर फरक जाणवला. भावांच्या वादात तिने या वेळी दुसऱ्या भावाची बाजूही मांडली. ही वागणूक मुळातच का नसावी, याचे समाधानकारक उत्तर मला कंपनीच्या मदतपानांवर मिळाले नाही.

खासगी माहितीची शंका बरीच बोलली जाते आणि तिच्यावर उपायही तुलनेने हाताशी आहे. मार्च २०२३ च्या अखेरीस इटलीच्या माहितीसंरक्षण प्राधिकरणाने याच कारणासाठी चॅटजीपीटीवर तात्पुरती बंदी घातली होती. आवश्यक बदल केल्यावर एप्रिलअखेर सेवा पुन्हा सुरू झाली. त्याच सुमारास सॅमसंगने कर्मचाऱ्यांना अशा सेवा वापरण्यास मनाई केली, कारण कंपनीचा अंतर्गत सोर्स कोड चॅटबॉटमध्ये टाकला गेल्याचे निदर्शनास आले होते. मी तपासलेल्या सेवेत संवादांचा उपयोग पुढील मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी करण्याची परवानगी सुरुवातीपासून दिलेलीच असते आणि ती काढून घेण्याचे बटण सेटिंगच्या आतल्या पानावर आहे. ते सापडले की काम एका टिचकीत होते. पण ज्या परवानगीचा ग्राहकाने कधी विचारच केला नाही तिला परवानगी म्हणावे का, हा प्रश्न उरतोच, आणि वैद्यकीय अहवाल, पगाराच्या चिठ्ठ्या, घरातील भांडणे हे सारे ज्या ठिकाणी टाकले जाते तेथे या प्रश्नाला आणखी वजन येते. संवाद पुसल्यानंतरही तो सर्व्हरवरून लगेच नाहीसा होत नाही, हे अटींच्या पानावर लिहिलेले आहे. वाचकाने ते एकदा तरी वाचावे.

फसवणुकीच्या भीतीबाबत परीक्षणाची मर्यादा येथेच सांगतो. नकली आवाज आणि नकली चेहरे तयार करणारी साधने बहुधा या सेवेपेक्षा वेगळी असतात. या सेवेत बोलण्यासाठी ठरावीक तयार आवाजच मिळतात आणि कोणाचा आवाज उचलून त्यात घालता येत नाही. ही मर्यादा मला योग्य वाटते. धोका मात्र खरा आहे. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमधील एक प्रकरण उघडकीस आले. एका बहुराष्ट्रीय कंपनीतील कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत आपले वरिष्ठ आणि सहकारी पाहिले, त्यांच्या सांगण्यावरून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले आणि नंतर कळले की बैठकीतील बाकीचे चेहरे बनावट होते. अशा फोनला किंवा व्हिडिओला तोंड देण्याचा उपाय तांत्रिक नाही: संभाषण तेथेच थांबवून, आपल्याजवळ आधीपासून असलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा.

लिखित फसवणुकीत मात्र ही सेवा हातभार लावू शकते का, हे तपासता येण्यासारखे होते. वरिष्ठांच्या नावाने कर्मचाऱ्याकडून पासवर्ड काढून घेणारे ईमेल लिहून द्यावे, अशी थेट मागणी तिने सौजन्याने नाकारली. तीच मागणी कर्मचाऱ्यांना सावध करण्याच्या प्रशिक्षणासाठी नमुना हवा, असे सांगून केली, तेव्हा नमुना मिळाला आणि तो चांगला वठलेला होता. याचा दोष पूर्णपणे सेवेला देता येणार नाही, कारण असे प्रशिक्षण खरोखरच दिले जाते आणि त्यासाठी नमुने लागतात. पण नकाराच्या भिंती किती पातळ असतात ते यावरून कळते. २०२३ मध्ये ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की जीपीटी-४ ने इंग्रजीत नाकारलेल्या घातक मागण्या झुलूसारख्या, इंटरनेटवर कमी मजकूर असलेल्या भाषांमध्ये भाषांतर करून केल्या, तर ते मॉडेल पुष्कळदा त्यांना उत्तर देत होते. आपल्यासारख्या, इंग्रजीबाहेर राहणाऱ्या वाचकांनी ही गोष्ट मनावर घ्यावी अशी आहे. सुरक्षेच्या चाचण्या ज्या भाषेत सर्वाधिक होतात त्याच भाषेत सुरक्षाही सर्वाधिक भक्कम असते, आणि बाकीच्या भाषांतील ग्राहक तीच वर्गणी भरून कमी संरक्षण घेतो. कोणत्या भाषेत किती चाचण्या झाल्या, हे प्रत्येक कंपनीने उत्पादनासोबत छापले पाहिजे.

आता त्या सोयीकडे वळतो, जिच्यामुळे यंत्र माणसाच्या हाताबाहेर जाईल ही दूरची वाटणारी भीती एकदम जवळ येते. सेवेला ईमेल, कॅलेंडर आणि ब्राउझर वापरण्याचे अधिकार दिले की ती स्वतः पाने उघडते, अर्ज भरते आणि उत्तरे पाठवते. येथे अडचण अशी आहे की मॉडेलला मालकाची सूचना आणि वाचण्यासाठी दिलेला मजकूर हे दोन्ही एकाच प्रवाहात, शब्दांच्याच रूपात मिळतात. वाटेत अनोळखी माणसाने हातात दिलेली चिठ्ठी आणि मालकाचा हुकूम यांत फरक न करणाऱ्या नोकरासारखी तिची अवस्था होते. हे पाहण्यासाठी मी एका साध्या बैठकीच्या इतिवृत्तात पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ घातली. सारांशाच्या शेवटी ही बैठक रद्द झाल्याचे लिहावे, असे त्या ओळीत म्हटले होते. माणसाच्या डोळ्यांना ती दिसत नव्हती. सेवेने कधी त्या ओळीचा उल्लेख करून, ही सूचना दस्तऐवजात लपवलेली दिसते, असे मला सांगितले, ही तिची जमेची बाजू. पण कधी तिने निमूटपणे सारांशाखाली बैठक रद्द झाल्याचे लिहूनही टाकले. बैठकीच्या जागी बँकेचा व्यवहार असता तर काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको. हा दोष या एकाच सेवेचा नाही. तो आजच्या भाषिक मॉडेलांच्या मुळाशी आहे आणि त्याच्यावर अजून पक्का इलाज सापडलेला नाही. असे असताना ही सोय ठळक जाहिरातीसह पहिल्याच पडद्यावर देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. पैसे देण्यापूर्वी आणि ईमेल पाठवण्यापूर्वी सेवा थांबून विचारते, हे खरे. पण दर पावलाला विचारणारी खिडकी आली की माणूस न वाचता होकार देऊ लागतो, हेही तितकेच खरे. ईमेल वाचण्याची परवानगी देणे आणि पाठवण्याची परवानगी देणे या दोन गोष्टी सेटिंगमध्ये वेगळ्या करता येतात. दुसरी परवानगी मी दिलेली नाही आणि इतरांनीही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोकऱ्यांबाबत एका ग्राहकाचे परीक्षण फारसे काही सांगू शकत नाही. एवढे मात्र नोंदवतो की पत्रांचे मसुदे, प्राथमिक भाषांतर, मजकुराची साफसफाई ही कामे ही सेवा खरोखर चांगली करते, आणि म्हणूनच ज्यांचे पोट या कामांवर आहे त्यांची चिंता खरी आहे. भाकिते मात्र जपून ऐकावीत. २०१६ मध्ये खुद्द हिंटन यांनी रेडिओलॉजिस्ट तयार करणे आता थांबवले पाहिजे, असे म्हटले होते. रेडिओलॉजिस्ट आजही काम करत आहेत. काय होईल यापेक्षा काय ठरवले जाते याला अधिक महत्त्व आहे. अमेरिकेतील पटकथालेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला आणि कराराने एआयच्या वापरावर मर्यादा मिळवल्या.

विजेचा प्रश्न पडद्यावर दिसत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास, म्हणजे एकूण विजेच्या जवळजवळ दीड टक्का वीज वापरली आणि २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होण्याची शक्यता आहे. यात सगळाच वाटा एआयचा नसला, तरी वाढीत तिचा वाटा मोठा आहे. सेवा मात्र आपल्या एका उत्तराला किती वीज लागली, हे ग्राहकाला सांगत नाही.

पक्षपाताबद्दल एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्यामुळे आपण कशाला घाबरावे याचा विचार बदलतो. नेदरलँड्समध्ये मुलांच्या संगोपनासाठी मिळणाऱ्या भत्त्यात गैरव्यवहार शोधताना कर विभागाने जोखीम मोजणारी एक संगणकीय प्रणाली वापरली होती. परदेशी नागरिकत्व हा तिच्यासाठी संशयाचा एक निकष होता. हजारो पालकांवर चुकीचे आरोप झाले, त्यांच्याकडून मोठ्या रकमा परत मागितल्या गेल्या, कुटुंबे कर्जात बुडाली आणि अखेर जानेवारी २०२१ मध्ये तेथील सरकारला राजीनामा द्यावा लागला. ती प्रणाली बोलत नव्हती, तिला चेहरा नव्हता, तिच्यावर चित्रपट निघावा असे तिच्यात काही नव्हते. तिने माणसांची आयुष्ये उद्ध्वस्त केली ती केवळ गुण देऊन, आणि त्या गुणांविरुद्ध दाद मागण्याची नीट सोय नव्हती म्हणून. उद्या हीच बोलकी सेवा अर्जदारांची छाननी करू लागली, आणि तिच्या व्यावसायिक आवृत्तीची जाहिरात याच कामासाठी केली जाते, तर नकार मिळालेल्या माणसाला कारण विचारण्यासाठी कोणाकडे जाता येईल, हा प्रश्न मी कंपनीच्या मदतकेंद्राला विचारला. उत्तर चॅटबॉटनेच दिले आणि त्यात माणसाशी बोलण्याचा मार्ग नव्हता.

मानवजातीच्या अस्तित्वाच्या धोक्याबद्दल तज्ज्ञांतच एकमत नाही. संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार २०१८ सालासाठी हिंटन, योशुआ बेंजिओ आणि यान लकन या तिघांना मिळून देण्यात आला. पहिले दोघे आज गंभीर इशारे देतात. तिसऱ्यांना ती भीती अतिरंजित वाटते. जेथे या तिघांचे जुळत नाही तेथे महिन्याची वर्गणी भरणाऱ्या ग्राहकाने निकाल देणे उचित होणार नाही. पण ग्राहकाला एक गोष्ट मागता येते, ती म्हणजे पुरावा. या कंपनीने प्रत्येक नव्या मॉडेलसोबत सुरक्षाचाचण्यांचा अहवाल प्रसिद्ध केला आहे. त्यात जैविक शस्त्रे, सायबर हल्ले, चाचणी चालू असताना मॉडेलने केलेली दिशाभूल अशा विषयांवर काय आढळले ते प्रामाणिकपणे लिहिलेले दिसते, आणि त्याचे श्रेय तिला दिले पाहिजे. मात्र चाचण्या बव्हंशी कंपनीच घेते, निकाल कंपनीच लिहिते आणि उत्पादन बाजारात आणायचे की नाही हेही कंपनीच ठरवते. औषधाच्या बाबतीत आपण हे कधीच चालवून घेतले नसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमधील ब्लेचली पार्क येथे भरलेल्या एआय सुरक्षा परिषदेत २८ देश आणि युरोपीय संघाने धोक्यांची संयुक्त दखल घेतली, ती घोषणेच्या पातळीवर. युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला आणि २ फेब्रुवारी २०२५ पासून नागरिकांना सामाजिक गुण देणे, कामाच्या ठिकाणी व शाळांत भावना ओळखणारी यंत्रे लावणे अशा काही वापरांवर तेथे बंदी आली. ज्या भीतीचे उत्तर पडद्यावर मिळू शकत नाही, तिचे उत्तर अशाच मार्गाने मिळवावे लागेल.

सेवा घ्यावी का, असे कोणी मला विचारले तर माझे उत्तर कामानुसार बदलते. ज्या विषयात आपल्याला चूक ओळखता येते, तेथे ती उत्तम मदतनीस आहे. आपल्याच पत्राची भाषा सुधारणे, लांबलचक अहवालात कोणता मुद्दा कोठे आहे ते शोधणे, मनातला गोंधळ प्रश्नांच्या रूपात मांडून घेणे, अशा कामांसाठी तिची शिफारस मी मोकळ्या मनाने करतो. औषधाची मात्रा, कायदेशीर मुदत, विम्याची अट अशा गोष्टींत तिचे उत्तर हे फक्त मूळ कागद कोठे उघडायचा ते कळण्यापुरते वापरावे. निर्णय एखाद्या दुसऱ्या माणसाच्या आयुष्याबद्दल असेल तर ती वापरू नये. घरात मुले वापरणार असतील तर त्यांचे खाते वेगळे ठेवावे, त्यात मागचे संवाद लक्षात ठेवण्याची सोय बंद करावी आणि प्रशिक्षणासाठीची परवानगी काढून घ्यावी. या सेवेत पालकांसाठीचे नियंत्रण आहे, पण ते आपोआप चालू होत नाही, पालकाला स्वतःच्या खात्यातून मुलाचे खाते जोडून घ्यावे लागते.